नागिणीची वाट

"पाव्हणं, पेढं कुठायत? का मुलगी झाली म्हणून तिकडंच वाटून आलासा?"

मी सोप्याची पायरी चढतो न चढतो तोच लता वहिनींनी हा प्रश्न माझ्या अंगावर टाकला. त्या माझ्या मेहुण्याच्या पत्नी. त्यांच्या मांडीवर पांढऱ्या दुपट्यात गुंडाळलेले एक तान्हे मूल होते. ते माझेच, हे मी पहिल्या दृष्टिक्षेपात ओळखले, असे लिहिण्याचा मोह होतो. परंतु वस्तुतः वहिनींचा स्वतःचा मुलगा अंगणात कोंबडीच्या पाठीमागे धावत होता. सबब हे दुसरे मूल माझे असणार, एवढाच विचार मी केला.

प्रवासाने मऊ पडलेला पेढ्यांचा पुडा मी त्यांच्यापुढे ठेवला आणि खाली वाकलो. मुलीने डोळे मिटलेले होते. तिच्या कपाळावर काजळाचा टिळा होता.

"मालन कुठं हाय?" मी विचारले.

वहिनी एरवी शब्दाला शब्द देणाऱ्या. पण त्या उत्तर देण्याऐवजी मुलीचे दुपटे सारखे करू लागल्या.

आमच्या भागातील पुष्कळ पुरुष दूरदेशी गलाईच्या दुकानांत असतात. सराफांकडील जुने दागिने भट्टीत गाळून शुद्ध सोने वेगळे करून देणे, हा तो व्यवसाय. मी सातवीतून शाळा सोडून तामिळ मुलुखातील सेलम शहरी गेलो. तेथे मराठी बोलणारे आम्ही चारदोनच. गणेश मंडळाच्या कपाटात काही मराठी पुस्तके होती. दुकान बंद झाल्यावर तीच माझ्याशी मराठीत बोलत. विवाहानंतर मालनला मी तेथे नेले होते. पुढे रीतीप्रमाणे पहिल्या बाळंतपणासाठी ती माहेरी आली. मूल आडवे असल्यामुळे तालुक्याच्या दवाखान्यात शस्त्रक्रिया करून प्रसूती करावी लागली. हा निरोप मला शेजारच्या दुकानातील दूरध्वनीवर मिळाला, पण मालकाने रजा देण्यास बरेच दिवस लावले. मी पोहोचलो तोवर तिला घरी आणून पुष्कळ दिवस लोटले होते.

माजघरातील बाज रिकामी होती. तिच्याखालच्या शेगडीत थंड राख होती.

"मागल्या खोलीत हाय," सासूबाई स्वयंपाकघरातून बाहेर येत म्हणाल्या. त्यांना मी मामी म्हणत असे. त्यांचे डोळे सुजलेले होते.

"मागल्या खोलीत कांदं असत्यात की, मामी."

"कांदं काढलं." त्या पदराने तोंड पुसू लागल्या. "बसा पाव्हणं. पाणी घ्या आदी. मालनला नागीण झालीया."

मी पाण्याचा तांब्या खाली ठेवला.

नागीण म्हणजे अंगावर उठणाऱ्या फोडांचा पट्टा. आमच्याकडे अशी समजूत आहे की, तो पट्टा कंबरेभोवती सरकत जातो आणि ज्या दिवशी त्याचे तोंड शेपटीला मिळते, त्या दिवशी माणूस जातो. ही गोष्ट मी बालपणापासून ऐकत आलो होतो आणि त्या क्षणी माझाही तिच्यावर संपूर्ण विश्वास होता.

"कुठवर आलीया?" मी विचारले.

"टाक्यांच्या वरच्या अंगाला सुरू झाली. आता दोन्ही कुशींस्नी चाललीया. टाकं चांगलं भरलं हुतं वो, आन ही कुठनं आली!"

"डॉक्टरला दावलं?"

"नागिणीला डॉक्टरचं औषध लागू पडत न्हाई. नागीण उतरवणाऱ्या बाजीतात्यांस्नी सांगितलं. त्यांनी तांबडी काव मंतरून दिली, ती मी दोन्ही टोकांस्नी लावली. म्हणलं, हिच्या वाटंत आडवं बांधत जावा कायतरी. म्हणून मी रोज सकाळी जुनी पट्टी काढती आन डॉक्टरनं टाक्यांवर लावाय दिलेली ती चिकटपट्टी टोकाच्या म्होरं लावती. चांगली दाबून लावती. पर लई वंगाळ जात बगा. दुसऱ्या दिवशी पट्टी काढली, की खालनं म्होरं सरकलेली."

एवढे बोलून त्या रडू लागल्या. माझ्या सासूबाई वाईट नव्हत्या. तरुणपणी वैधव्य आलेले. दोन मुले एकटीने वाढवली. मालन ही त्यांची धाकटी.

मी उठलो आणि मागच्या दाराकडे निघालो. त्यांनी मला हात आडवा केला.

"तिथं नगा जाऊ. बाळंतिणीच्या खोलीत गडीमाणूस जात न्हाई. त्यात हे असलं. तुम्हास्नी भट्टीफुडं उभं ऱ्हायाचंय, अंगानं धड ऱ्हावा."

जावयाने सासूचा शब्द मोडावा, असे तेव्हा आमच्यात नव्हते. मी सोप्यावर येऊन बसलो.

थोड्या वेळाने मुलगी रडू लागली. वहिनींनी तिला उचलले आणि त्या मागल्या अंगणातून त्या खोलीच्या उंबऱ्यापर्यंत गेल्या. मी सोप्यावरून मान लांब करून पाहिले. उंबऱ्यावर एक घडी घातलेली वाकळ होती. वहिनींनी मुलीला त्या वाकळेवर ठेवले आणि त्या चार पावले मागे सरकल्या. तेव्हा दाराच्या फटीतून दोन हात बाहेर आले. मालनच्या हातांत मी तिकडून घेऊन दिलेल्या हिरव्या बांगड्या होत्या. हातांनी वाकळेसकट मुलीला उचलले आणि ते आत गेले. काही वेळाने तेच हात पुन्हा बाहेर आले, त्यांनी मुलीला उंबऱ्यावर ठेवले आणि दार लागले.

"हेबी उद्यापास्नं बंद," मामी माझ्या पाठीमागून म्हणाल्या. "तात्या म्हणलं, नागिणीची आग दुधात उतरती. उद्या दुपारी तात्या येणार हायत. तवापास्नं पोरीला शेळीचं दूध."

दुपार कलल्यावर मामी बाजीतात्यांना लागणारे लिंबू आणि नारळ आणण्यासाठी वाण्याकडे गेल्या. वहिनींनी माझ्या मुलीला खांद्यावर टाकले, स्वतःच्या मुलाचे बखोट धरले आणि त्या मोठ्याने, जणू काही भिंतीला सांगत असल्याप्रमाणे म्हणाल्या, "मी चालली म्हशीला वैरण टाकाय. माझी पाठ हिकडं असंल. मला काय दिसायचं न्हाई बाई."

मी मागल्या अंगणात गेलो. दार नुसते लोटलेले होते.

"मालन."

आतून बांगड्या वाजल्या. "कवा आलासा?"

"मघाशी."

"पोरगी बघितलीसा?"

"बघितली."

"नाक कुणाचं हाय?"

"तुझं."

ती जराशी हसल्याचे मला ऐकू आले. "मला नीट बगायलाच मिळालं न्हाई. पिताना नुसतं डोकं दिसतं. मग लती घिऊन जाती."

पुस्तकांत अशा प्रसंगी नायक पुष्कळ बोलतो. मी उंबऱ्यावरच्या त्या वाकळेकडे पाहत उभा राहिलो.

"अवं, एक काम कराल?" ती म्हणाली. "माझी पाठ बघता? टोकं मागनं जुळली का, तेवढं खरं सांगा. आईला विचारलं तर रडती. लती दारातनंच म्हणती, अजून लई लांब हाय. तिला दारातनं काय दिसतंय?"

मी उंबरा ओलांडला.

वारा लागू नये म्हणून खिडकीला पोते लावलेले होते. कोपऱ्यात कांद्याची टरफले तशीच राहिली होती आणि खोलीत धुरी व कांदा यांचा मिश्र वास कोंडला होता. छपराच्या कौलांत एक काच बसवलेली होती. तिच्यातून उजेडाचा एक तुकडा जमिनीवर पडला होता. मालन भिंतीचा आधार घेऊन उठली आणि त्या उजेडात येऊन पाठमोरी उभी राहिली. ती फार वाळली होती. तिने पातळ सैल केले.

मी प्रथम तिच्या कण्याकडे पाहिले. कण्याच्या दोन्ही बाजूंना कातडी स्वच्छ होती.

"जुळली न्हाईत," मी म्हणालो. "वीतभर अंतर हाय."

तिने एवढा मोठा श्वास सोडला की तिला भिंत धरावी लागली. मी तिच्याभोवती फिरून पाहू लागलो. टाक्यांची रेघ सुकलेली व शांत होती. पण तिच्या वर आणि दोन्ही कुशींना कातडी लालभडक झाली होती. बारीक पाणीदार पुरळ उठले होते. काही ठिकाणी ते खाजवून फुटले होते. टोकांना काव फासलेली होती आणि कावेच्या पुढे नवी चिकटपट्टी. हे सर्व भयंकर होते. तथापि त्यात काहीतरी मला विचित्र वाटले आणि ते काय, हे समजण्यास थोडा वेळ लागला. त्या लाल पट्ट्याची वरची कडा आखून काढल्यासारखी सरळ होती. कुशीपाशी ती नीट काटकोनात वळत होती.

"मालन, ह्येला कोपरं हायत."

"कसलं कोपरं?"

"दाराच्या चौकटीला असत्यात तसं. एक, आन ह्यो दुसरा. नागिणीला कोपरं असत्यात व्हय?"

तिला नवल वाटल्याचे मला दिसले नाही. तिने पातळ सावरले, भिंतीतील कोनाड्याकडे बोट केले आणि म्हणाली, "त्या कोनाड्यात पट्टीचा गुंडा हाय. कातर बी हाय बघा."

मी दोन्ही वस्तू घेतल्या. तिने डावा हात पुढे केला आणि मनगटाच्या वरची गोरी बाजू वर केली.

"हितं लावा एक तुकडा."

"हातावर? कशापायी?"

"पोटावरनं हितवर नागीण कशी यील? वाटंतली एवढी सगळी कातडी सोडून?"

तिचे म्हणणे माझ्या ध्यानात आले. पण मला भीती वाटली. "आन उद्या हातावर लाल झालं, तर मामी म्हणतील, हातावर चढली. मग पोरगी कायमचीच तोडतील."

मालन विचार करू लागली. बाहेर वहिनी म्हशीशी बोलत होत्या. नंतर ती म्हणाली, "मग अशी कापा, की नागिणीच्या बापाला जमायचं न्हाई. शंकरपाळी कापत्यात तशी."

मी पट्टीचा एक तुकडा तोडून शंकरपाळीसारखा तिरका कापला. माझी बोटे रोज सोन्याच्या बारीक तुकड्यांना सरावलेली. तो तुकडा मी तिच्या हातावर ठेवला आणि अंगठ्याने दाबला.

"अजून दाबा," ती म्हणाली.

मी तळहाताने दाबला.

"चिकटला."

"ऱ्हाऊ द्या जरा हात तसाच."

मी हात तसाच ठेवला. तिने डोळे मिटून घेतले होते. तिच्या मनगटातील नाडी माझ्या तळव्याला लागत होती. मग बाहेरून वहिनींनी म्हशीला उगीचच मोठ्याने हाक मारली. मामी परत येत असल्याची ती खूण होती. मालनने बांगड्या त्या तुकड्यावर सरकवल्या आणि मी बाहेर पडलो.

सायंकाळी माझ्यापुढे पिठले-भाकरीचे ताट आले. मामी आग्रह करीत होत्या. मागल्या खोलीच्या उंबऱ्यावर मालनचे ताट ठेवलेले मला दिसत होते. तिने ते बराच वेळ आत घेतले नाही. एकाच घरात आम्ही दोघे आपापल्या जागी जेवत होतो आणि मधून मधून मुलगी तिसऱ्याच खोलीत रडत होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी मामी पट्टी बदलण्यासाठी त्या खोलीत गेल्या, तेव्हा मालनचा आवाज मला सोप्यापर्यंत ऐकू आला. "आज नगं, आई. तात्या आल्यावर लाव." मामी पट्टीचा गुंडा तसाच हातात घेऊन बाहेर आल्या.

दुपारी बाजीतात्या आले. उंच, वाकलेले, खांद्यावर घोंगडे. मागल्या अंगणातच त्यांनी पाट मागितला. चुलीवर शेळीचे दूध तापत होते आणि वहिनी वाटी-चमचा धूत होत्या.

"पोरगी आणा हिकडं," तात्या म्हणाले.

तेवढ्यात मागल्या खोलीचे दार पूर्ण उघडले गेले. मालन उंबऱ्यावरची ती वाकळ ओलांडून अंगणात आली. उन्हामुळे तिला डोळे उघडवेनात. पोटावर हात धरून, एकेक पाऊल टाकत ती तात्यांच्या समोर येऊन उभी राहिली.

"अगं बया! वारा लागंल! आत व्हय!" मामी ओरडल्या.

"लागू दे," मालन म्हणाली. तिने बांगड्या मागे सारल्या, डावा हात तात्यांपुढे धरला आणि सर्वांच्या देखत तो तुकडा नखाने सोलून काढला.

खाली लालबुंद शंकरपाळी उमटली होती. चारही कडा रेखीव, आणि तिच्या आत बारीक पाणीदार पुरळ.

"हातावर चढली!" मामींनी कपाळाला हात लावला आणि त्या खालीच बसल्या. "तात्या, हातावर चढली वो माझ्या लेकीच्या!"

तात्यांनी हाताने त्यांना गप्प केले. त्यांनी मालनचा हात आपल्या हातात घेतला, उन्हाकडे वळवला, आणि डोळे बारीक करून ते पुष्कळ वेळ पाहत राहिले. मी माझे सगळे बळ एकवटून म्हणालो, "तात्या, ही कुठली नागीण म्हणायची, शंकरपाळ्याच्या आकाराची? काल म्या पट्टी कापली तशीच उठलीया."

"गप ऱ्हावा पाव्हणं, बघू द्या." मग त्यांनी मालनला विचारले, "पोटावरबी असंच हाय, पोरी? रेघ धरल्यावानी?"

"व्हय."

"इंदे," तात्या मामींकडे वळून म्हणाले, "तू मला हे सांगितलं न्हाईस."

"तुम्ही बघितलं न्हाई व्हय?"

"मी कवा बघितलं? बाळंतिणीची खोली. तू उंबऱ्यात उभी ऱ्हाऊन सांगितलंस, मी अंगणात उभा ऱ्हाऊन ऐकलं आन काव दिली. नागीण म्हणून तूच बोललीस." ते घोंगडे सावरत उठले. "ही नागीण न्हवं. तू वाटंत पट्टी लावत गेलीस, आन पट्टीच हिला खात गेली. ते सगळं सोडवून टाका आन दवाखान्यात न्या."

चुलीवर दूध उतू गेल्याचा वास आला.

"मग ह्या शेळीच्या दुधाचा च्या टाकू का, तात्या?" वहिनींनी विचारले.

तात्या प्रथम हसले. मामींना मात्र हसू आले नाही. त्यांच्या हातात तो चिकटपट्टीचा गुंडा होता. त्या त्याच्याकडे पाहत राहिल्या. मग त्यांनी तो खाली ठेवला, वहिनींच्या खांद्यावरून मुलीला घेतले आणि मालनला पायरीवर बसवून मुलगी तिच्या मांडीत दिली. मध्ये वाकळ ठेवली नाही. मालनने दुपटे उलगडले. तिने मुलीचे नाक पाहिले, कान पाहिले, पायाची बोटे एकेक करून पाहिली.

"नाक तुमचं हाय," ती मला म्हणाली. "कायबी सांगता."

त्याच दिवशी जीप करून आम्ही दवाखान्यात गेलो. डॉक्टरांनी सांगितले की, काही जणांच्या कातडीला या पट्टीचा चिकट सोसत नाही. टाके उत्तम भरलेले आहेत. आता पट्टी नको, मलम लावून सुती कापड सैल ठेवावे आणि मोकळा वारा लागू द्यावा. वारा लागू द्या, हे ऐकून मामींनी माझ्याकडे पाहिले. त्या रात्रीपासून मालन पुन्हा माजघरातील बाजेवर होती. माझी रजा संपली आणि मी सेलमला परत गेलो. काही महिन्यांनी त्या दोघी आल्या, तेव्हा मालनच्या पोटावर आणि हातावर फिकट तपकिरी खूण तेवढी उरली होती. पुढे तीही गेली.

या गोष्टीला पुष्कळ वर्षे झाली. आमची मुलगी सुनंदा आता महाविद्यालयात जाते आणि तिचे नाक, सर्वांच्या मते, माझे आहे.

गेल्या दिवाळीत सेलमच्या आमच्या खोलीत मालन फराळाचे करीत होती. सुनंदा कुठे तरी मैत्रिणीकडे गेली होती. मालनने मोठी पोळी लाटली आणि ती कातण फिरवू लागली. मी परातीपाशी बसलो होतो. सहज चेष्टेने म्हणालो, "नागिणी कापायला सुरुवात केलीस म्हणायची."

ती हसली.

"पर तुला त्या दिवशी सुचलं कसं गं? कोपरं बघितली म्या, आन पट्टी हातावर लावून बघायचं डोकं तुझं."

"सुचतंय कुठलं," ती कातण फिरवीत म्हणाली. "मला आदीपास्नं ठाव हुतं. पट्टी काढली की गार वाटायचं, लावली की आग व्हायची. आपल्याच अंगाचं आपल्याला कळत न्हाई व्हय?"

"आदीपास्नं?"

"नागीण म्हणाय लागली तवा मलाबी भ्या वाटलं, खोटं कशाला बोलू. पर पट्टीनं व्हतंय, हे ठाव हुतं."

"मग मामीस्नी बोलली का न्हाईस?"

"बोलले असते, तर आईनं पट्टी लावायची बंद केली असती."

"मग बरंच की!"

तिने पोळीवर एक लांब तिरकी रेघ ओढली, मग तिच्या शेजारी दुसरी.

"दिवसातनं तेवढ्यापुरतीच यायची ती आत," मालन म्हणाली. "पट्टी लावायची, आन चारी बाजूंनी दाबायची. बोटानं. सावकाश. तेवढाच काय तो माणसाचा हात." कातण थांबले नाही. "पोरगी तोडायची भाषा निघाली, तवा म्हणलं, आता बास."

पोळी कापून झाली होती. तिने ती माझ्याकडे सरकवली. मी एकेक शंकरपाळी शेजारणीपासून सुटी करून परातीत ठेवू लागलो.